जुन्या सागवानी फर्निचरला पॉलिश करताना रंग एकसारखा कसा बसवायचा

घरातलं जुनं लिहिण्याचं मेज, आजीचा चौरंग, माळ्यावर पडलेली आरामखुर्ची. अशी एखादी वस्तू पुन्हा नीट करायचं मनात असतं, आणि बहुतेक जण सुरुवात करतात ती हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा, डबा आणण्यापासून. मीही तसंच केलं होतं. आजोबांच्या मेजावर अक्रोडी रंगाचा स्टेन फिरवला आणि दहा मिनिटांत फळीवर नकाशा उमटला. मध्ये काळपट, कडेला फिकट, आणि एका कोपऱ्यात जुन्या फेविकॉलचा तळहाताएवढा पांढुरका डाग. डबा नवा होता, स्टेन चांगला होता. लाकूडच तयार केलेलं नव्हतं. सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून करायला तीन रविवार गेले. त्या तीन रविवारांत जे कळलं ते पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. रंग कुठे किती मुरणार हे लाकडाच्या पृष्ठभागावर ठरतं. जिथे लाकूड खरखरीत, तिथे रंग जास्त पितं. जिथे गुळगुळीत, तिथे कमी. जिथे जुनं पॉलिश, मेण किंवा गोंद राहिला आहे तिथे जवळजवळ नाहीच. म्हणून दोन दिवसांचं काम धरलंत तर त्यातला दीड दिवस स्टेनचा डबा उघडण्याआधीचा असतो.

वस्तू आधी नीट पाहा

मेज उलटं करा, खण बाहेर काढा. मागची बाजू आणि खणाचा तळ कधी पॉलिश केलेला नसतो, तिथे मूळ लाकूड दिसतं. सागवान पिवळसर तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि थोडं खरवडलं की चामड्यासारखा वास येतो. शिसव जांभळट काळी आणि वजनाला जड. कोकणातल्या जुन्या घरांत फणसाचं लाकूड भेटतं. ते ताजं पिवळं असतं आणि वर्षांनुवर्षं गडद होत जातं. शिसवीला स्टेन लावूच नका, तिचा रंग हाच तिचा दागिना आहे.

फळीची कड पाहायला विसरू नका. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर फळी भरीव. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल आणि आत थर दिसत असतील, तर ते प्लायवूडवरचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे. व्हिनियर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. तिथे मशिनने घासायला गेलात तर खालचं प्लाय उघडं पडेल आणि मग काही इलाज उरत नाही. पहिलीच वेळ असेल तर भरीव लाकडाची, छोटी, सपाट वस्तू घ्या. चौरंग उत्तम. नक्षीकाम असलेली खुर्ची नंतर.

बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखी पूड दिसली तर आत कीड जिवंत आहे असं समजा. लाकडाच्या किडीचं औषध सिरिंजने एकेका भोकात भरा, वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यावर लिहिलेले दिवस ठेवा आणि मगच पुढे जा.

जुनं पॉलिश कोणतं आहे?

मागे कुठेतरी, न दिसणाऱ्या जागी, कापसाचा बोळा पॉलिशसाठी मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर तपकिरी रंग आला तर ते फ्रेंच पॉलिश, म्हणजे चपडा (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख). आपल्याकडच्या बहुतेक जुन्या सागवानी फर्निचरवर हेच असतं. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन ही नवी कडक पॉलिशं, नाहीतर तेलाचा रंग.

फ्रेंच पॉलिश काढणं सर्वांत सोपं. स्पिरिटमध्ये भिजवलेली जाड चिंधी फळीच्या एका भागावर पाच मिनिटं पसरून ठेवायची, वरून प्लॅस्टिकचा कागद टाकायचा म्हणजे स्पिरिट उडून जात नाही. मग बोथट कडेच्या पत्र्याने रेषांच्या दिशेने ओढायचं. काळपट चिकट लगदा निघतो, गुळाच्या पाकासारखा. तो जुन्या वर्तमानपत्रावर पुसत राहायचं. माझ्या मेजावरचा पहिला हात निघाला तेव्हा त्या काळ्या थराखालून सोनेरी रेषा वर आल्या, आणि एवढी वर्षं आपण हे लाकूड पाहिलंच नव्हतं असं वाटलं. दोन-तीन वेळा हे करा आणि शेवटी स्वच्छ चिंधीने पुसून घ्या. चिंधीवर रंग येईनासा झाला की थांबा.

पीयू किंवा तेलाच्या रंगासाठी पेंट रिमूव्हर लागतं. ते मोकळ्या हवेत, गच्चीवर किंवा अंगणात वापरा; बंद खोलीत अजिबात नको. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. काही जण कॉस्टिक सोडा सुचवतात, पण सागवानावर तो लावू नका. लाकूड काळवंडतं आणि सांधे ढिले होतात.

जुन्या तेलाच्या रंगाबद्दल एक कळकळीची सूचना. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. रिमूव्हरने मऊ करून खरवडा, लगदा पिशवीत बांधून टाका आणि काम चालू असताना मुलांना लांब ठेवा.

दुरुस्ती

ढिले सांधे आता आवळून घ्या. जुना वाळलेला सरस किंवा गोंद खरवडून काढल्याशिवाय नवा चिकटत नाही. फेविकॉल लावून शिकंज्यात किंवा सुतळीच्या पिळाने घट्ट बांधून रात्रभर ठेवा. सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल ओला असतानाच ओल्या फडक्याने दोनदा पुसा. बोटाला लागलेला फेविकॉल फळीवर लागला तरी तिथे रंग धरत नाही, म्हणून हातही धुवा. माझ्या मेजावरचा पांढुरका डाग याचाच होता.

काळे डाग बहुतेक वेळा लोखंड आणि पाणी यांचे असतात: खिळ्याभोवती, पत्र्याच्या डब्याखाली, कुंडीखाली. हे घासून जात नाहीत कारण ते खोलवर असतात. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड चालतं. दोन चमचे पूड पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून, ब्रशने फक्त डागावर न लावता सगळ्या फळीवर लावा, नाहीतर डागाच्या जागी फिकट वर्तुळ राहतं. डाग गेला की फळी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. ही पूड विषारी आहे. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि न पुसलेली फळी घासून धूळ उडवू नका.

सगळे डाग काढलेच पाहिजेत असं नाही. आजोबांच्या मेजावर उजव्या हाताला दौतीच्या बुडाचा गोल ठसा होता. तो मी ठेवला.

भेगा आणि खिळ्यांची भोकं लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने, भरतात. दुकानातली तयार लांबी घ्या किंवा खडूच्या पावडरीत थोडी पिवडी (पिवळी माती), थोडी काव (तांबडी माती) आणि फेविकॉल मिसळून घरी करा. लांबी स्टेन पीत नाही, म्हणून ती आत्ताच्या लाकडाच्या रंगाची करू नका. रंग दिल्यावर लाकूड जसं दिसणार आहे त्या रंगाची करा. आणि भोकापुरतीच लावा. बोटाने आजूबाजूला फासलेली लांबी रेषांत जाऊन बसते आणि पुढे तिथे धूसर ढग दिसतो.

घासणं: रंग इथे ठरतो

दुकानात पॉलिश पेपर मागितला की विचारतात, कितीचा? आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. सागवानासाठी ८०, १२०, १५०, १८० असे चार घ्या. लाकूड खरवडून आधीच साफ झालं असेल तर ८० ची गरज नाही, थेट १२० पासून सुरू करा. कागद हातात धरून घासू नका; हातभर लांबीच्या सपाट लाकडी ठोकळ्याला किंवा जाड रबराला गुंडाळा. नुसत्या हाताने घासलं तर बोटांच्या खाली जास्त दाब पडतो आणि फळीवर लांबट खड्डे तयार होतात, जे पॉलिश चढल्यावरच दिसतात.

नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा एकच हात फिरला तरी तो ओरखडा स्टेन पिऊन काळी रेघ होऊन दिसतो. चौकटीत जिथे उभी आणि आडवी पट्टी मिळतात तिथे आधी आडवी घासा आणि मग उभी, म्हणजे सांध्यापलीकडे गेलेले ओरखडे दुसऱ्या वेळी निघून जातात.

आकडा सोडू नका. ८० वरून थेट १८० वर गेलात तर ८० चे खोल ओरखडे तसेच राहतात, वरवर फक्त गुळगुळीत वाटतं. आणि संपूर्ण वस्तू एकाच आकड्यावर संपवा. माझी मोठी चूक इथे झाली होती: वरची फळी हौसेने २२० पर्यंत नेली, पाय कंटाळून १२० वर सोडले. पाय दोन छटा गडद आले. सागवानासाठी १५० किंवा १८० वर थांबणं योग्य. त्याहून पुढे गेलं की लाकूड चकचकीत होतं आणि रंग पीत नाही.

याला अपवाद एकच: फळीची टोकं, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि ती रंग गटागट पितात. ती टोकं ३२० पर्यंत घासा.

घासून झालं की फळी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. झोपलेले तंतू उभे राहतात, हाताला काटे लागल्यासारखं होतं. शेवटच्याच कागदाने हलका एक हात फिरवा. आता रात्र होऊ द्या. दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. दिवसा न दिसलेला प्रत्येक ओरखडा, गोंदाचा प्रत्येक चकाकता थेंब दिसेल. खडूने खूण करा, उद्या ते काढा. त्यानंतर संपूर्ण फळी थिनरच्या फडक्याने पुसा. सागवानातलं तेल निघतं, धूळ जाते, आणि ओलं असेपर्यंतची दहा-पंधरा सेकंदं लाकूड पॉलिश झाल्यावर कसं दिसेल ते दाखवतं. फिकट डाग असेल तर तोही तेव्हाच दिसतो.

मास्क लावा. सागवानाच्या धुळीने अनेकांना अंगाला खाज येते, शिंका येतात.

आणि मग, शक्य असेल तर, चार-पाच दिवस काहीच करू नका. ताजं घासलेलं सागवान चट्ट्याचट्ट्यांचं दिसतं, कुठे हिरवट, कुठे राखाडी. उजेडात ठेवलं की ते हळूहळू एकसारखं सोनेरी होतं. फळीवर काहीही न ठेवता खिडकीजवळ राहू द्या. पुष्कळदा पाचव्या दिवशी लक्षात येतं की स्टेनची गरजच नाही. माझं मत विचाराल तर चांगल्या सागवानाला नुसतं पॉलिश पुरे. स्टेन लावायचा तो बदललेली नवी पट्टी जुन्याशी जुळवायला, किंवा लाकडात कडेचा, म्हणजे झाडाच्या सालीजवळचा, पांढरा भाग असेल तर.

स्टेन

सगळ्या वस्तूला लागेल एवढा स्टेन एकाच भांड्यात एकदम तयार करा. डब्याच्या तळाशी रंग बसलेला असतो, काडीने तळापासून ढवळा. दोन डब्यांच्या छटा थोड्या वेगळ्या निघतात, म्हणून तेही आधीच एकत्र करा. डब्यावर सांगितलेल्या थिनरने निम्मा पातळ करा. गडद एका हातापेक्षा फिके दोन हात कधीही चांगले, कारण फिक्या हातातला फरक डोळ्याला कमी जाणवतो आणि पुढच्या हातात सुधारता येतो.

नमुना मेजाच्या खालच्या बाजूला घ्या, त्याच लाकडावर, तितकंच घासून. त्यावर पॉलिशचाही एक हात द्या, कारण पॉलिशने रंग आणखी खुलतो. दुपारी आणि रात्री दोन्ही वेळी पाहा.

कडेचं पांढरं लाकूड असेल तर आधी फक्त त्या पट्ट्यावर, छोट्या ब्रशने, पातळ स्टेन द्या. वाळू द्या. गाभ्याच्या रंगाच्या जवळ आलं की मग सगळ्या वस्तूवर हात फिरवा.

आता मुख्य हात. पंखा बंद. जुन्या सुती बनियनचा तुकडा घडी घालून घ्या, शिवण आत. स्टेनमध्ये बुडवून पिळा. टपकता कामा नये. फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता लांब ओढा, पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच तिला चिकटून घ्या. मध्ये फोन आला तरी घेऊ नका. वाळलेल्या कडेवर ओला हात चढला की तिथे दुप्पट रंगाची रेघ पडते. पूर्ण फळी झाली की कोरड्या फडक्याने रेषांच्या दिशेने जादा रंग पुसून काढा. पाय खालून वर करत न्या, म्हणजे ओघळ कोरड्या लाकडावर पडून डाग होत नाही.

आंबा आणि खोक्यांचं देवदार-पाइन ही लाकडं कितीही नीट घासली तरी ठिपक्याठिपक्यांनी रंग पितात. त्यांच्यावर आधी चपड्याचा अगदी पातळ हात द्यायचा. लिटरभर स्पिरिटमध्ये ५० ग्रॅम चपडा, एवढा पातळ. वाळला की २२० ने हलकं घासा, मग स्टेन. सागवानाच्या टोकांनाही हा हात द्या. मात्र स्पिरिटमधला स्टेन हा थर विरघळवतो, तेव्हा टर्पेंटाइनमध्ये मिसळणारा घ्या.

वाळल्यावर एखादी जागा गडद वाटली तर थिनरने ओलसर केलेल्या फडक्याने तेवढीच हळूहळू पुसा. फिकट जागेवर पुन्हा स्टेन घासत बसू नका. पॉलिशचे दोन हात झाल्यावर चपड्यात दोन-चार थेंब स्पिरिटमधला स्टेन टाकून बारीक ब्रशने ती जागा सारखी करता येते. पॉलिशवाले हे रोज करतात.

पॉलिश

खुर्ची, कपाट, चौरंग यांना मी फ्रेंच पॉलिशच सांगेन. चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या किड्याची लाख. पिढ्यान् पिढ्या जुन्या घरांतलं लाकूड यानेच सांभाळलं आहे. खराब झालं तर पुन्हा स्पिरिटने जागा ओली करून दुरुस्त करता येतं, ही सोय पीयूत नाही. मात्र गरम चहाचा कप किंवा पाणी सांडलं की पांढरं वर्तुळ उमटतं. जेवणाच्या टेबलाला म्हणून ब्रशने लावायचं पीयू बरं. साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पीयू धरत नाही, तेव्हा खाली चपडा द्यायचाच असेल तर मेण काढलेला घ्या.

लिटरभर स्पिरिटला १५० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत. लोखंडी डब्यात काळा पडतो. रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, सकाळी मलमलीतून गाळा. जवळ देवाचं निरांजन, उदबत्ती, गॅस काही नको. स्पिरिट पटकन पेट घेतं.

पहिला हात मऊ ब्रशने, न घासता, एकदाच ओढून. बोळ्याने सुरुवात केलीत तर खालचा स्टेन उचलला जाऊन पुन्हा पट्टे पडतात. तो वाळला की कापसाची गोळी मलमलीत बांधून बोळा करा, आत चपडा सोडा, वर जवसाच्या तेलाचा एक थेंब. बोळा फळीवर उतरवायचा तो विमान उतरल्यासारखा, चालता चालता, आणि तसाच उचलायचा. थांबलात तर चिकटतो. रोज तीन-चार हात, दर दोन दिवसांनी ३२० च्या झिजलेल्या कागदाने हलकी घासणी, असे आठवडाभर.

पावसाळ्यात हे करू नका. दमट हवेत चपडा पांढरट पडतो, त्याला दुधाळ झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला सर्वांत चांगली.

तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता तयार होते आणि असा बोळा काडीशिवाय पेटू शकतो. दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

शेवटचा हात झाला की हाताला कोरडं लागतं, पण आतून मऊच असतं. पंधरा दिवस त्यावर टेबलक्लॉथ नको, काच नको, पुस्तकांचा गठ्ठा नको. घड्याळ किंवा फोटो ठेवायचा असेल तर पहिले काही महिने दर आठवड्याला त्याची जागा बदला, नाहीतर आजूबाजूचं सागवान उजेडाने गडद होतं आणि त्याच्याखाली फिकट चौकोन उरतो.